डब्यावरचा हवालदार

आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की आधी बसायला जागा, मग प्यायला पाणी आणि मग पहिला प्रश्न, "हे नाव कुणाचं?" माणूस गांगरायचा. "कुणाचं म्हणजे? माझंच की!" म्हणायचा. तिथून माझं काम सुरू व्हायचं.

मी साताऱ्यात एका वकिलांकडे कारकून होतो. सगळं गाव त्यांना अण्णासाहेब म्हणे, मीही तेच म्हणतो. दिवाणी दावे, खरेदीखतं, भाऊबंदकीची भांडणं हे सगळ्याच वकिलांकडे असायचं, तसं आमच्याकडेही होतं. पण लढाईच्या धामधुमीत व्यापारी नावांची नोंदणी करणारं नवं सरकारी कार्यालय मुंबईला निघालं आणि अण्णासाहेबांनी, का कोण जाणे, त्या कायद्याचं पुस्तक मागवलं. मग आपल्या मालाचं नाव दुसऱ्यानं पळवू नये असं ज्याला वाटे, तो आमचा जिना चढू लागला. संपादकांनी त्या कामाविषयी लिहायला सांगितलं आहे. जरा गमतीचं लिहा, दिवाळी आहे, असंही म्हणाले. गमती होत्या. त्या आधी सांगून टाकतो, कारण नंतर मला सांगवणार नाहीत.

कायदा तसा सरळ होता. तुम्ही काही माल करता, त्याला नाव देता, वर एखादं चित्र लावता. लोक त्या नावावर भरवसा ठेवून माल घेतात. तर तो भरवसा दुसऱ्या कुणी आपल्या डब्यात भरून विकू नये, एवढंच. मात्र ते नाव सगळ्या जगाचं असता कामा नये. गावाचं नाव चालत नसे. एका पेढेवाल्याला आपल्या पेढ्यांसाठी 'सातारा' हे नावच हवं होतं. अण्णासाहेबांनी त्याला विचारलं, "अहो, म्हणजे उद्या बाकीच्यांनी पत्रावर गावाचं नाव घालायचं ते तुमच्या परवानगीनं का?" तो विचारात पडला आणि म्हणाला, "मी कुणाला नाही म्हणणार नाही."

नुसती स्तुतीही चालत नसे. पाचगणीहून सरबतवाला एक गृहस्थ आला होता. त्याला 'उत्तम' हे नाव पाहिजे होतं. मी समजावलं, की प्रत्येकाला आपला माल उत्तमच वाटतो, तेव्हा हा शब्द एकट्याला मिळणार नाही. तो चडफडत गेला आणि आठ-पंधरा दिवसांनी परत आला. म्हणाला, "मग 'मध्यम' लिहा. ते तरी कुणी मागत नसेल!"

तिसरा एक काढेवाला. त्याच्या बाटलीवर साताऱ्यातल्याच एका पैलवानाचा फोटो होता. आता नियम असा होता, की खऱ्या माणसाचं नाव किंवा तसबीर मालावर लावायची तर त्या माणसाची लेखी संमती पाहिजे. माणूस नुकताच वारला असेल तर त्याच्या वारसांची. पैलवान संमती द्यायला जातीनं आले. जिन्यावरून त्यांचा पाय वाजला तशी आमची दौत हलली. फोटो निरखून म्हणाले, "संमती हाय. पन दंड बारीक आल्यात. ते तेवढं वाढवून मागा मुंबईस्नं." त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. त्याच नियमानं पुढे काय करून ठेवलं, ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

सगुणाबाई आली तेव्हा तिच्याबरोबर तिचे सासरे होते, दाजीबा. पांढऱ्या गलमिशा, पहिल्या लढाईतला जुना शिपाई, ताठ बसणारा म्हातारा. कराडजवळच्या मलकापूरच्या पलीकडचं त्यांचं गाव. बाई तिशीच्या आतबाहेरची असेल. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हात असे लालभडक की पहिल्यांदा मला वाटलं, भाजलेत. ते मिरचीचे होते. तिनं पिशवीतून पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. आत कांदा-लसूण चटणी. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर गणवेशातल्या एका तरुणाचा फोटो, खाली 'हवालदार मारुती यांच्या घरची चटणी', आणि त्याखाली गाव, तालुका कराड, असा पुरा पत्ता.

मी नेहमीसारखं विचारलं, "हे नाव कुणाचं?"

बाईनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? म्हातारा म्हणाला, "माज्या ल्योकाचं. हिच्या मालकाचं."

"ते स्वतः नाही आले?"

"लढाईवर हाय त्यो. मलायाकडं."

हकीकत अशी, की मारुती पलटणीत होता तेव्हा ती त्याच्याबरोबर चटणी बांधून द्यायची. ती त्याच्यापेक्षा त्याच्या सोबत्यांनीच जास्त खाल्ली. तो सुट्टीवर निघाला की जो तो म्हणायचा, हवालदार, येताना घरची चटणी आणा. तो लढाईवर गेल्यावर शेजारपाजारच्या शिपायांच्या बायका डबे मागायला आल्या, मग कराडचे दुकानदार आले, मग साताऱ्याचे. मिरची ती सांगलीच्या बाजारातून आणायची, चंद्राप्पाशेठ म्हणून एका व्यापाऱ्याकडून. तो मिरची द्यायचा आणि परतीला डबे घ्यायचा. चार बाया हाताशी घेऊन ती उखळात मसाला कुटायची. असा तो धंदा उभा राहिला होता.

मी अर्ज लिहिला. त्या वेळी माझ्या मनात शंकासुद्धा आली नाही. नवरा लढाईवर आहे, पत्त्यावर कागद पाठवू, सही येईल. लिहिता लिहिता मी विचारलं, "त्यांचा तिकडचा पत्ता?"

मग दाजीबांनी सांगितलं, की मलाया पडलं तेव्हापासून खबर नाही. सरकारचं पत्र आलं होतं, त्यात बेपत्ता असं लिहिलं होतं.

अर्ज मुंबईला गेला आणि उलट टपाली नव्हे, पण यथावकाश उत्तर आलं. नुसता 'हवालदार' हा शब्द मिळणार नाही, तो हुद्दा आहे. संपूर्ण नाव आणि तसबीर मिळू शकेल. त्यासाठी सदर व्यक्तीची संमती जोडावी, किंवा ती मयत असल्यास तसं प्रतिज्ञेवर लिहून वारसांची संमती जोडावी. कागद लिहिणाऱ्याची काही चूक नव्हती. हयात किंवा मयत, माणसाचे हे दोनच प्रकार त्याला माहीत होते.

याच सुमाराला सांगलीत चंद्राप्पाशेठनं स्वतःची चटणी काढली. डब्यावर फोटो नाही, नुसतं ठळक अक्षरांत 'हवालदार चटणी'. ते डबे मिरजेला दिसू लागले, मग कराडलाही. अण्णासाहेबांनी मला सांगलीला धाडलं. तेव्हाची सांगली म्हणजे संस्थान. आमच्या जिल्ह्याची हद्द संपली की मुंबईच्या कायद्याला तिथं कुणी विचारत नसे. साताऱ्यात राखलेलं नाव तिथं भर बाजारात कुणीही उचलावं, अशी तऱ्हा.

चंद्राप्पाशेठच्या पेढीवर हळदीचा धुरळा सगळीकडे बसलेला होता, गादीवर, वह्यांवर, त्याच्या भुवयांवरसुद्धा. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. त्यानं आधी चहा मागवला.

"मी नाव चोरलं न्हाई हो साहेब," तो म्हणाला. "त्या बाईचा डबा हितं कुणाला ठावं होता? मी वळख लावली. आता लढाईत पत्रा मिळत न्हाई, बाईचा माल कवा येतो, कवा येत न्हाई. गिऱ्हाईक दारात हुबं. त्याला काय सांगू? मग आमीच कुटाय लागलो की."

"पण नाव तिचं आहे."

"तिचं कुठं? तिच्या मालकाचं हाय. आणि तुमचा कायदा हितं चालत न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "बघा, बाईनं मुंबईचा शिक्का आणला तर मी उद्या बंद करतो. शिक्का असला तर कराड-साताऱ्याला माझा माल उतरणार न्हाई, मग नुसत्या सांगलीसाठी कोण कुटत बसतंय? पण शिक्का आणा. न्हाईतर माझं चालू दे की हो."

तो लबाड नव्हता. लबाड असता तर मला आज त्याचा राग तरी धरता आला असता. तो दुकानदार होता आणि त्याचं म्हणणं रोकडं होतं.

म्हणजे सगळं त्या एका संमतीवर येऊन थांबलं. अण्णासाहेबांनी प्रतिज्ञालेख तयार करवला. मीच तो सुवाच्य अक्षरात लिहिला: 'माझा मुलगा मारुती हा लढाईत मयत झाला असून आम्ही त्याचे वारस...' दोघांना बोलावून घेतलं. सगुणाबाई भिंतीशी बसली, दाजीबा टेबलाजवळ. मी मजकूर वाचून दाखवला. 'मयत' या शब्दाशी माझा आवाज आपोआप बारीक झाला.

दाजीबांनी कागद आपल्याकडं ओढून घेतला. मग म्हणाले, "मला उमगतंय, साहेब. मी बी लढाई बघितलीया. तिकडं जे ऱ्हातं ते ऱ्हातं." त्यांनी आंगठा पुढं केला. मी शाई लावली. आंगठा कागदावर टेकणार एवढ्यात त्यांनी सुनेकडं पाहिलं. ती काही म्हणाली नव्हती, रडत नव्हती, नुसती त्यांच्या हाताकडं बघत होती.

"हिच्या कपाळाकडं बघून ह्यो आंगठा कसा उठवू?" म्हातारा म्हणाला आणि त्यानं ती शाई धोतराच्या सोग्याला पुसून टाकली.

मग अण्णासाहेबांनी वकिली सुरू केली. म्हणाले, "बाई, फोटोच नको. एखादा काल्पनिक शिपाई चितारून घ्या. त्याला कुणाची संमती लागत नाही. किंवा तुमच्या स्वतःच्या नावानं काढा, सगुणा चटणी. धंदा तुमचा, हात तुमचे. मी महिन्याभरात नोंद करून देतो."

तेव्हा ती पहिल्यांदा मोकळं बोलली. "आवं वकीलसाहेब, चटणी इकायला न्हाई म्या फोटू लावला. डबा मुलूखभर फिरतोय. टेसनावर जातोय, छावनीत जातोय. कुठंतरी कुनीतरी वळखील, ह्यो माज्यासंगं व्हता म्हून सांगंल. म्हून तर गावाचा पत्ता घातलाय खाली. माजं नाव लावून काय करू? मला कोन हुडकतंय?"

आणि आम्ही तिला व्यापारी समजत होतो! अण्णासाहेबांनी पुस्तक मिटलं. "राहू द्या," एवढंच म्हणाले. ती माणसं जिना उतरून गेल्यावर मी तो लेख फाडायला घेतला. अण्णासाहेब म्हणाले, "फाडा. नीट बारीक फाडा."

तिचं काही खुळ्यासारखं नव्हतं, हेही सांगायला हवं. लढाई संपल्यावर कैदेतली माणसं परत येऊ लागली. त्यात कोकणातला एक शिपाई हातात डबा घेऊन थेट तिच्या दारात येऊन उभा राहिला. पुण्याला स्टेशनवर त्यानं डब्यावरचा चेहरा पाहिला आणि घरी जायच्या आधी हिच्या गावची वाट धरली. मारुती आपल्याबरोबर होता, एका ताटात जेवत होतो, असं त्यानं सांगितलं. पण ते मलाया पडायच्या आधीचं. नंतरचं त्याला माहीत नव्हतं. हे ती मला सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा असा काही उजळला होता, की 'मग यात नवीन काय कळलं' हा माझा कारकुनी प्रश्न मी गिळून टाकला. लष्कराकडूनही पुढे एक कागद आला, मयत धरल्याचा. पेन्शनसाठी सही मागितली होती. तिनं तो सहीविना परत केला.

तिचे डबे मात्र कमी कमी होत चालले. चंद्राप्पाशेठकडं कांडपाचं यंत्र आलं होतं, पत्रा आला होता, चार जिल्ह्यांत त्याचे फिरते विक्रेते होते. दुकानदार म्हणत, "हवालदार चटणी आहे की आमच्याकडं, सांगलीची."

मग संस्थानं विलीन झाली. सांगली आमच्यासारखीच सरकारी जिल्ह्यात आली, आमच्या जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, आणि मुंबईचा कायदा तिथंही लागू झाला. आम्हाला वाटलं होतं, हा दिवस आला की नाव राखता येईल. झालं उलटं. चंद्राप्पाशेठनंच रीतसर अर्ज केला. नुसता 'हवालदार' आम्हाला नाकारला होता, पण त्याच्याकडं इतक्या वर्षांचा वापर होता, एवढा खप होता आणि वर चितारून घेतलेला एक शिपाई. सरकारी पत्रकात जाहिरात आली. कुणाची हरकत असल्यास ठराविक मुदतीत कळवावी.

अण्णासाहेबांनी मला बोलावलं. "जा तिच्याकडे," म्हणाले. "हरकत तिला वारस म्हणूनच घेता येईल. पण आता सात वर्षं उलटली आहेत. एवढा काळ माणसाचा पत्ता नसला तर कायदा आपणहून तो मेल्याचं धरतो. तिला तोंडानं काही म्हणावं लागणार नाही. खबर नाही, एवढंच लिहून द्यायचं. ते तर खरंच आहे ना?" त्यांना फार आशा वाटत होती. मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू? मोटारीनं कराडला गेलो आणि तिथून चालत.

दाजीबा त्या आधीच्याच हिवाळ्यात गेले होते. ती एकटीच अंगणात खोबरं भाजत होती. कुटायला बाया राहिल्या नव्हत्या. मी समजावून सांगितलं. दोन वेळा सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे मी खबर न्हाई म्हनायचं, आन् कायद्यानं म्हनायचं ते न्हाईत."

"हो. तुम्ही नाही म्हणायचं. कायदा म्हणेल."

"आन् त्या कागदावर माजं नाव कसं लिवनार?"

वारस म्हणून तिचं नाव लिहायचं तर त्याच्याआधी विधवा हा शब्द लिहावा लागे.

"कायद्याला काय मानायचं ते मानू द्या," ती म्हणाली. "त्येची आन् ह्यांची वळख न्हाई. माजी हाय." मग तिनं मला भाकरी वाढली, वर ताजी चटणी आणि तेल. मी जेवलो. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं असं मी म्हणालो. तीही "लय तिखट झालीया औंदा" म्हणाली.

मुदत टळली आणि चंद्राप्पाशेठला शिक्का मिळाला.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं ती साताऱ्याला आली. अण्णासाहेब कोर्टात होते. तिनं पिशवीतून डबा काढून माझ्यापुढं ठेवला, पहिल्या वेळेसारखाच. पण हा सांगलीचा होता, चकचकीत, रंगीत. त्यावर एक गोरापान शिपाई, पिळदार मिशा, छातीवर पदकं, गालांवर लाली.

"ह्यो कोन?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. चिताऱ्यानं मनानं काढलाय."

"म्हंजे ह्यो मानूस कुठंच न्हाई?"

"नाही."

तिनं डबा उचलून पुन्हा नीट पाहिला. रागानं नाही. बाजारात एखाद्याला ओळखीचा समजून जवळ जावं आणि तो दुसराच निघावा, तसं. "आता मुलूखभर ह्योच फिरनार," ती म्हणाली. "आन् ह्येला कोन वळखनार?"

मी एवढी वर्षं लोकांची नावं राखली. पेढ्यांची राखली, काढ्यांची राखली, त्या पैलवानाचे दंडसुद्धा राखले. जी एक तसबीर कुणाला तरी खरोखर हुडकत होती, ती माझ्या हातून राखली गेली नाही. यात माझी चूक नव्हती, अण्णासाहेबांची नव्हती, आणि त्या बाईची तर नव्हतीच. पण कुणाचीच चूक नसली म्हणून दुःख कमी होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून त्यात काही फरक पडलेला नाही.

ती निघाली. जिन्याच्या तोंडाशी जाऊन वळली. कपाळावर तेच रुपयाएवढं कुंकू.

"आपला त्यो पयला अर्ज हाय न्हवं अजून तुमच्यापाशी?"

अर्ज केव्हाच निकालात निघाला होता. नाव दुसऱ्याच्या मालकीचं झालं होतं, त्यावर आता काही करता येण्यासारखं नव्हतं. हे मी तिला सांगायला हवं होतं, तेच माझं काम होतं.

"आहे," मी म्हणालो.

"मग असू द्या. ते आलं की त्यांची सही घिऊन धाडू."

"हो," मी म्हणालो, "आले की लगेच धाडू."